बादल्यांचा नकाशा

"कोयनेची भेग बघायला या," असं एका जुन्या वाचनालयाचे कार्यवाह मला, इमारतींची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरला, फोनवर म्हणाले, तेव्हा मला ते एखाद्या प्रेक्षणीय स्थळाचं नाव वाटलं. गावात उतरल्यावर लक्षात आलं की अंदाज फारसा चुकला नव्हता. साताऱ्याकडच्या त्या तालुक्याच्या गावात पाहुणा आला की त्याला वाचनालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीवरची भेग दाखवतात. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनानगरचा भूकंप आणि तेव्हापासून ही भेग. मला ही हकिकत एसटी स्टँडपासून वाचनालयापर्यंत दोनदा ऐकायला मिळाली. एकदा रिक्षावाल्याकडून, एकदा चहाच्या टपरीवर.

इमारत काळ्या दगडाची, दुमजली, शंभरी केव्हाच ओलांडलेली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या वाचनालयांसारखी हिचीही सुरुवात 'नेटिव जनरल लायब्ररी' या नावाने झाली. खाली वाचनकक्ष आणि देवघेव, वर लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर ग्रंथसाठा आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, त्यावर सागवानी कैच्या, म्हणजे छपर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, आणि मंगलोरी कौलं. मागच्या बाजूला ऐंशीच्या दशकात जोडलेली एक स्लॅबची खोली. ती खोली इतकी कुरूप आहे की पहिल्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. ते मला पुढे महागात पडलं.

समितीकडे आधीच एक अहवाल होता. चार पानांचा. त्यात स्प्रिंगच्या हातोड्याचे, म्हणजे रिबाउंड हॅमरचे, चाळीसेक आकडे आणि शेवटी निष्कर्ष: सी-१. आपल्याकडे धोकादायक इमारतींची जी वर्गवारी करतात तीत सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. वाचनालयाची जागा मुख्य रस्त्यावर आहे आणि खाली दुकानगाळे काढायची कल्पना गावात बरीच वर्षं फिरते आहे. त्या चार पानांना त्या कल्पनेचा वास होता की नाही, मला सांगता येणार नाही. हातोडा मात्र चुकीच्या जागी मारला होता, हे सांगता येईल. तो हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, त्याचे तक्ते काँक्रीटसाठीच बनवलेले आहेत. इथे तो आतल्या पोकळ झालेल्या प्लास्टरवर मारला होता. पोकळ प्लास्टरवर मारला तर आकडा पडेलच. दगडावर मारला असता तर तोच आकडा इतका चढला असता की इमारत पुलाच्या खांबाएवढी भक्कम ठरली असती. दोन्ही आकड्यांचा भिंतीच्या तब्येतीशी संबंध शून्य.

मी हे तोऱ्यात सांगत नाही. तसले अहवाल मीही लिहिले आहेत. शिकले आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटचं बांधकाम, नोकरी केली आरसीसीत, आणि जुन्या बांधकामांच्या तपासणीची कामं आली ती २०१६ नंतर, महाडजवळचा सावित्रीवरचा पूल गेल्यावर. त्या वर्षी जिकडेतिकडे 'ऑडिट करून घ्या'ची पत्रं निघाली आणि आम्ही पोटापाण्यासाठी बॅगेत तोच एक हातोडा टाकून दगडी शाळा, कचेऱ्या, धर्मशाळा फिरलो.

या वेळी ठरवलं होतं, पहिला दिवस यंत्राला हात लावायचा नाही. दुर्बीण, ओळंबा, टेप, खडू आणि वही. इमारतीला उलटसुलट दोन प्रदक्षिणा. उलटी का, तर सुलटी चालताना डोळा दर्शनी गोष्टींवरच रेंगाळतो. दक्षिणेच्या भिंतीत पिंपळाची दोन रोपं. दगडांच्या दरजा, म्हणजे सांधे, पूर्वी चुन्याच्या होत्या, त्यांवर कुणीतरी सिमेंट भरून वर दोरीसारखी उठावदार रेघ काढलेली. खालच्या फूट-दीड फुटाला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, हात लावला की पांढरी पूड. खिडकीवरच्या दगडाखाली लोखंडी गर्डर, त्याचा गंज फुगून दगड बोटभर उचललेला. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि ती मिळाली नाही तर वरचा दगड उचलून घेतं. हे सगळं नोंदवलं, फोटो काढले. त्यातलं काहीच चकित करणारं नव्हतं.

मग भेग. आतल्या बाजूने जिन्याजवळ सुरू होऊन तिरकी वर जाते, सगळ्यात रुंद जागी ४ मिलिमीटर. कार्यवाह, ग्रंथपाल आणि रोजचे तीन वाचक माझ्यामागे उभे राहिले, जणू मी नाडी बघणार होते. टॉर्च आडवा धरून आत पाहिलं. भेगेच्या कडा धारदार नव्हत्या, बोथट होत्या. आत कोळ्याचं जाळं. आणि महत्त्वाचं म्हणजे आतल्या पोटाला रंग होता. वरून पिवळसर डिस्टेंपर, त्याखाली निळसर सफेदी, त्याखाली पांढरी सफेदी. सफेदीचे थर भेगेच्या आत उतरले, म्हणजे ते देताना भेग उघडी होती. आणि त्यानंतर ती हलत राहिली असती तर हे थर तडकले असते. ते अखंड होते.

"म्हणजे ही मेली आहे?" एका वाचकांनी विचारलं.

"झोपली आहे म्हणू," मी म्हटलं, आणि तीन ठिकाणी भेगेवर आडव्या काचपट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते. यापेक्षा स्वस्त यंत्र मला माहीत नाही. पट्टीवर तारीख लिहायची आणि वाट बघायची. वाट निदान वर्षभर बघावी लागते. पाया काळ्या मातीवर असेल तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात उघडलेली भेग ऑगस्टमध्ये मिटून निरागस दिसते.

दुसरा दिवस मी कागदपत्रांत घालवला आणि तो सगळ्यात मजेचा गेला. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं आणि जमाखर्चाच्या वह्या ग्रंथपालांनी जपून ठेवल्या होत्या. जुन्या वह्यांत दर उन्हाळ्याला एक नोंद हमखास: 'शाकारणी खर्च'. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा-वासे तपासायचे, पुन्हा रचायची. कधी सोबत 'वासा १', कधी 'कोने'. ओळीने कितीतरी वर्षं, दोन महायुद्धांतसुद्धा खंड नाही. मग ऐंशीच्या दशकात मागच्या खोलीच्या बांधकामाचा मोठा खर्च आणि त्यानंतर शाकारणी हा शब्दच वहीतून गायब. त्याऐवजी दर चार-पाच वर्षांनी 'वॉटरप्रूफिंग'.

आणि त्याच इतिवृत्तांत, १९६७ च्या बऱ्याच आधीच्या एका सभेच्या वृत्तांतात, एक ठराव: 'उत्तरेकडील भिंतीस गेलेली भेग चुन्याने बुजवून घ्यावी.'

मी कार्यवाहांना बोलावून ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "हे बाहेर सांगायलाच हवं का?" असं ते म्हणाले, ते मला फार आवडलं. भूकंपाने ती भेग थोडी वाढवली असेलही, तो भाग कोयनेपासून फार दूर नाही. तिचा जन्म मात्र भूकंपातला नव्हता. पुढे त्या कोपऱ्याच्या पायाशेजारी आम्ही खड्डा घेतला. इतरत्र पाया मुरमावर आहे, त्या कोपऱ्याखाली मात्र भराव लागला: विटांचे तुकडे, राख, खापऱ्या. जुना आड बुजवलेला असावा. बांधल्यावर लवकरच तो कोपरा थोडा दबला, भिंत तडकली आणि मग सगळं स्थिरावलं. गावाने साठेक वर्षं ज्या जखमेची भीती बाळगली, ती इमारतीच्या बाळपणची होती.

इथवर सगळं छान चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी ओलावा मोजला. दोन टोकांचं ते छोटं यंत्र मुळात लाकडासाठी, भिंतीवर त्याचे आकडे फक्त एकमेकांशी ताडून बघायचे. खाली लोणा लागलेल्या भागात ओल, वर सगळं कोरडं. माझ्या कच्च्या टिपणात मी लिहिलं: 'वरच्या मजल्याच्या भिंती व छप्पर कोरडे. गळतीच्या जुन्या खुणा, सध्या सक्रिय नाहीत.' तारीख होती २१ मे.

निघताना वाचनालयाचे शिपाई बॅग उचलून रिक्षापर्यंत आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी विचारलं, "झालं म्हणायचं का मॅडम?"

"झालं बहुतेक."

"पावसात या की एकदा. आता काय, आता सगळंच चांगलं दिसतंय."

परतीच्या एसटीत ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या तपासण्या कधी होतात? मे महिन्यात. नोटिसा पावसाळ्याआधी जायला हव्यात, अहवाल पावसाळ्याआधी हवा, कारण पडझड पावसात होते. म्हणजे ज्या ऋतूत इमारत आजारी पडते तो सोडून ज्या ऋतूत ती ठणठणीत असते त्यात आपण तिला तपासतो. सावित्रीवरचा तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्या आणि माणसं घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती, असं तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं होतं. ती पाहणी कुणी कशी केली, त्यावर मी बोलणार नाही. पण माझ्या वहीत २१ मे ही तारीख होती, आणि त्याखाली 'कोरडे'.

मी अहवाल अडवून ठेवला. समितीला सांगितलं, जुलैत पुन्हा येते, प्रवासखर्च नको.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा तीन दिवस झड लागली होती. वर जाऊन पाहिलं तर तक्तपोशीवर अकरा भांडी. बादल्या, रंगाचे रिकामे डबे, एक जर्मनचं पातेलं, एक तुटक्या कानाची घागर. मामा एकेक रिकामं करत होते. मी वही काढली आणि त्यांना म्हटलं, मला एकेकीची हकिकत सांगा. त्यांनी जी सांगितली तशी मला कुठल्याही यंत्राने सांगितली नसती. ही पाऊस सुरू झाला की पाच मिनिटांत लागते. ही वारा पश्चिमेचा असला तरच. ही यंदाच सुरू झाली, माकडं नाचली त्यानंतर. असं करत आम्ही मागच्या भिंतीजवळच्या शेवटच्या तीन बादल्यांशी आलो.

"ह्या तीन उशिरा लागतात," मामा म्हणाले. "पाऊस चालू असतो तवा कोरड्या. पाऊस उघडला, ऊन पडलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपकायला लागतात. मग आठ-आठ दिस बंद व्हायच्या नाहीत."

मी लिहिता लिहिता थांबले. फुटक्या कौलातून येणारं पाणी पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर थांबतं. दोन दिवस उशिरा येऊन आठ दिवस टिकणारं पाणी छपरातून थेट येत नाही. ते कुठेतरी साठतं आणि तिथून पाझरतं. त्या जागी साठायला जागा एकच होती. भिंतीचं पोट.

या दगडी भिंती एकसंध नसतात, हे इथे सांगायला हवं. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून ओबडधोबड दगडांचा दुसरा, आणि मध्ये चिपा, खांडक्या आणि चुना. दोन पदरांना बांधून ठेवतात ते अधूनमधून आरपार घातलेले लांब दगड. ते कमी पडले किंवा मधला चुना गेला, की दोन्ही पदर एकमेकांचे राहत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी जाड दगडी घरं कोसळली, त्यांच्या भिंती मातीत रचलेल्या होत्या आणि त्यांत असे आरपार दगड जवळपास नव्हतेच. नंतर तिकडे उरलेली घरं मजबूत करताना भिंतींना भोकं पाडून सळई-काँक्रीटचे आडवे सांधे घातले, ते यासाठीच.

छत्री, दोरी आणि मामांचा पुतण्या घेऊन आम्ही मागच्या खोलीच्या स्लॅबवर चढलो. कोडं तिथे सुटलं. ती खोली बांधताना मुख्य इमारतीच्या छपराची वळचण कापली होती. पूर्वी पागोळ्या भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडत असणार. आता ते सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावर ओतलेल्या सिमेंटच्या पन्हळीत येत होतं. पन्हळीला दर सहा-सात फुटांवर आडवी चीर, प्रत्येक चिरेवर काळ्या डांबराचे थरावर थर. हेच ते वहीतलं वॉटरप्रूफिंग. पन्हळीत कचरा, कचऱ्यात गवत, गवतात उभं पाणी, आणि ते पाणी चिरांतून सरळ भिंतीच्या पोटात. बाहेर पडायला वाट नाही, कारण बाहेरच्या दरजा सिमेंटने लिंपलेल्या. चुन्याच्या दरजा ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती कोंडून ठेवतं. चाळीसेक पावसाळे त्या भिंतीने पाणी प्यायलं होतं.

आता काय शोधायचं ते माहीत होतं. लाकडी हातोडीने भिंत वीतभर अंतरावर ठोकत गेले. ठण वाजलं तर खडूने आडवी रेघ, भद्द वाजलं तर फुली. दुपारपर्यंत पन्हळीखाली फुल्यांची एक मोठी पाकोळी उमटली. ओळंबा सोडला तेव्हा त्याच पट्ट्यात बाहेरचा पदर मधोमध ४५ मिलिमीटर पुढे आलेला दिसला. गवंडी याला भिंतीला पोट सुटणं म्हणतात. मे महिन्यात मी ओळंबा पुढच्या आणि बाजूच्या भिंतींना लावला होता. मागच्या भिंतीसमोर ती कुरूप खोली होती, म्हणून नाही. दरजेत बारीक भोक पाडून आत कॅमेऱ्याची नळी घातली तर पडद्यावर आधी चिखल, मग नुसते सुटे दगड आणि त्यांच्यामध्ये हात जाईल एवढ्या पोकळ्या. चुना नव्हता.

कैचीचं टोक याच भिंतीत घुसलेलं होतं. पुढून लाकूड ठणठणीत, सागवान, तेलपाणी केलेलं. भिंतीलगत मी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर करावाच लागला नाही. हातात लाकूड कमी आणि ओली तपकीर जास्त असलेला भुगा आला. शेजारच्या तुळईचंही तेच. तीच तुळई वरच्या मजल्याची तक्तपोशी पेलत होती आणि तिच्यावर, भिंतीला टेकून, लोखंडी कपाटांची रांग: वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली, गच्च. पुस्तकांच्या वजनाचा लोकांना अंदाज नसतो. आपल्या मानकांत राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात, ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी ६००, आणि कपाटं उंच असतील तर त्याहून जास्त. दोरी ताणून पाहिली तर तुळईला मध्ये ३८ मिलिमीटरचा झोल. झोलाची मला तितकी भीती वाटली नाही, जुनं सागवान खूप सोसतं. भीती टोकाची होती. टोकं वाकत नाहीत, सुटतात.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा वाचनकक्षाची मागची अर्धी बाजू बंद करायला सांगितली. कार्यवाहांनी एक शब्द न काढता दोरी बांधली. रात्रीच वखारीतून बल्ल्या आणून खाली फळी देऊन तुळयांना टेकू दिले. पुढचे तीन दिवस कपाटं रिकामी करून फायली शेजारच्या शाळेत हलवल्या. ओळीत उभं राहून हातोहात. एका आजोबांनी १९६७ च्या डिसेंबरची फाइल मध्येच उघडून ठेवली आणि ओळ अर्धा तास थांबली.

अहवाल एकतीस पानांचा झाला. सभेत पहिला प्रश्न आला, "सी-किती?" मी म्हटलं, एका अक्षरात बसवायचं तर सी-२अ लिहिते, पण तो शिक्का मागच्या भागालाच लागतो. पुढचा भाग पिंपळ, गर्डर आणि लोणा सोडला तर सुखरूप आहे. कागदावर दोन रंग करून दाखवले. मागची भिंत बाहेरून टेकू देऊन टप्प्याटप्प्याने उतरवायची, आरपार दगड घालून चुन्यात पुन्हा बांधायची. कैचीची कुजलेली टोकं कापून नवं सागवान सांधायचं. सिमेंटच्या दरजा हळूहळू काढायच्या, छिन्नीने, यंत्राने नाही. पन्हळ फोडायची, वळचण परत बाहेर काढायची, त्यासाठी मागच्या खोलीची स्लॅब जाणार. यावर खूप वाद झाला, कारण त्या खोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी आहे. गाळ्यांवालेही बोलले. मी त्यांना पहिल्या अहवालातले आकडे आणि प्लास्टरचा निघालेला पोपडा दाखवला. ते पटून गप्प बसले की कंटाळून, कळलं नाही. अहवालात एक पूर्ण पान मामांच्या नकाशाचं आहे: अकरा वर्तुळं, प्रत्येकीपुढे केव्हा लागते आणि केव्हा थांबते. परिशिष्ट नको, मुख्य अहवालातच हवं, हा माझा एवढाच हट्ट होता.

पैसे तुकड्या-तुकड्याने आले, काम अजून संपलेलं नाही. सगळ्यात अवघड गेलं ते शाकारणी करणारी माणसं मिळवणं. फोन करावा तर पलीकडून पत्र्याचा दर सांगायचे. शेवटी वाईच्या बाजूचे दोघे सापडले, दोघेही साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली मामांच्या पुतण्याला घातला.

उत्तरेकडच्या काचपट्ट्या दोन पावसाळे अखंड आहेत. भेग अजून कोयनेचीच आहे. कार्यवाहांनी ती इतिवृत्ताची वही परत कपाटात ठेवली.

परवा रात्री, पाऊस उघडलेला असताना, मामांचा फोन आला. "मॅडम, त्या उशिराच्या तिन्ही कोरड्या आहेत. पाऊस उघडून आज पाचवा दिवस."

"आणि बाकीच्या?"

"आठातल्या सहा उचलल्या. पण एक नवी ठेवावी लागली, जिन्याच्या वर. पुतण्याचा पाय पडला कौलावर."

मी वही काढून नकाशावर बारावं वर्तुळ काढलं.